खाचेतलं पाणी

प्रिय काटकोन,

या नावानं तुला गेल्या अकरा वर्षांत कुणी हाक मारली नसेल. तुझ्या शाळेतली मुलं तुला पाठीमागे काय म्हणतात कोण जाणे, पण भूमितीच्या बाईंना नाव न ठेवणारी मुलं अजून जन्माला यायची आहेत. ऑफिसात हे नाव मी पाडलं होतं, कारण तू खुर्चीत बसायचीस ती नव्वद अंशात, आणि बोलायचीसही तशीच. तू मला धांदल म्हणायचीस. त्यात काही फरक पडलेला नाही. हे पत्र मी चौथ्यांदा सुरू करतेय. पहिल्यांदा ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून दोन ओळी लिहिल्या आणि उठले. मग स्वयंपाकघरात, मग दवाखान्यात आईचा नंबर लागायची वाट बघताना. आता लेकीला पोहायच्या क्लासला सोडलंय आणि तलावाच्या कडेच्या ओल्या बाकावर बसलेय. तासभर इथून हलता येणार नाही. म्हणून हीच जागा बरी.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. परवा मला म्हणाला, "तू हल्ली माझ्याकडे बघतेस पण मी तुला दिसत नाही, नंबर वाढलाय का?" आणि खरंच खुर्चीत बसवून डोळे तपासले. नंबर तेवढाच निघाला. लेक अकरा वर्षांची झाली. तू दर वाढदिवसाला 'छोट्या धांदलीस' म्हणून जी कार्डं पाठवतेस, ती सगळी तिनं खणात लावून ठेवलीत. "ही मावशी येणार कधी?" असं विचारते. मी "बघू" म्हणते. गेल्या महिन्यात म्हणाली, "आई, तुझं बघू म्हणजे नाही असतं ना?" मी काहीतरी काम काढून तिथून सटकले. तुझ्या कार्डाला मी दोन ओळींचं उत्तर पाठवते, 'आम्ही मजेत, तू कशी आहेस', आणि तू कशी आहेस हे तू लिहिलंस की त्याला उत्तर देत नाही. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं नाही. तू एकदाही विचारलं नाहीस, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आपण जे करत होतो ते लोकांना सांगताना किती पंचाईत व्हायची, आठवतं? मी सरळ "आम्ही डबे बनवतो" म्हणायचे. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा तुलाच विचारलं होतं, प्लास्टिकचे का स्टीलचे. तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणालीस, "स्टीलचे. एक डबा एकशेदहा टनांचा." काकूंना वाटलं आपण त्यांची थट्टा केली, त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना पुढचं कसं सांगणार? की अणुभट्टीतून वापरून बाहेर काढलेलं इंधन आत ठेवायचंय, उघड्यावर त्याच्याजवळ माणूस मिनिटभरही उभा राहू शकत नाही, आणि आपण दोघी नऊ वर्षं शेजारी शेजारी बसून एवढाच विचार करतोय की साठ वर्षं त्यातलं काही बाहेर येऊ नये. गणित आणि चाचण्या तुझ्याकडे, झाकण माझ्याकडे. डबा नऊ मीटरवरून लोखंडी पाट्यावर टाकायची चाचणी मी अजून विसरले नाही. मी तुझा दंड धरून डोळे मिटले होते. धरणी हादरली. मी डोळे उघडले तर तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, वहीत वेळ लिहीत होतीस. नंतर दंडावर माझ्या बोटांचे वळ दाखवून म्हणालीस, "तुझी पकड त्या बोल्टांपेक्षा चांगली आहे."

डब्याला दोन झाकणं, एकावर एक. आतलं झाकण मोठ्या साहेबांच्या हातचं, तिथे आपलं काही चालत नव्हतं. बाहेरचं झाकण बसतं ती खाच मात्र माझी. डब्याच्या तोंडाला गोल फिरणारी, अंगठ्याएवढी रुंद, तिच्यात धातूची सील बसते आणि वरून अठ्ठेचाळीस बोल्ट आवळले की ती दबून घट्ट होते. नकाशाच्या कोपऱ्यात पहिल्यांदा एकटीची माझी आद्याक्षरं आली होती. त्याची प्रत मी घरी नेऊन आईला दाखवली. आईनं ती उलटी धरून कौतुक केलं. ती खाच चांगली होती गं. तू सुद्धा तसं म्हणाली होतीस. म्हणालीस, "देखणी आहे," आणि तुझ्या तोंडून हा शब्द मी नऊ वर्षांत दुसऱ्यांदा ऐकला नाही.

मग त्या वाळवणाच्या चाचण्या आल्या. डबा पाण्याच्या हौदात बुडवून भरायचा, वर काढायचा, आतलं पाणी उपसायचं आणि पंपानं हवा ओढून कोरडा करायचा. पहिल्या दोन चाचण्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी पंप बंद केल्यावर दाबाचा काटा पुन्हा चढायला लागला. किंचित. मी म्हणाले नळी गळत असेल. तू नळी बदललीस. काटा पुन्हा चढला. मी म्हणाले मापकच खराब असेल. तू मापक बदललंस. मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा कुठून तरी पैदा केलास आणि बॅटरी घेऊन दोन दिवस त्या तोंडावर ओणवी होऊन बसलीस. खाचेच्या आतल्या बाजूला मी जो कोपरा ठेवला होता तिथे पाणी अडकत होतं. चमचाभर. मी हसले. चमचाभर पाण्यानं एकशेदहा टनांचं काय वाकडं होणार? तू हसली नाहीस. "आज काही नाही," म्हणालीस, "पण त्याच्याकडे साठ वर्षं आहेत." आणि एक पानभर टिपण लिहिलंस: कोपऱ्यात ओल राहते, सील आतून खाल्ली जाईल, खाचेचा आकार बदलावा.

आकार बदलायचा म्हणजे घडवून आलेली सगळी तोंडं पुन्हा कापायची. चौदा महिने. त्याच आठवड्यात आपल्या गटाच्या घड्याळ सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, की आराखडा मंजूर करायची समितीची बैठक पुढे गेली तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल. सांगताना सवयीप्रमाणे तीनदा मनगटाकडे बघितलं. बैठक गुरुवारी होती. बुधवारी तुझे वडील जिन्यावरून पडले. दुपारी तुझा फोन आला, मागे दवाखान्याचा गलका होता. "मी येत नाही. टिपण तुझ्या टेबलावर ठेवलंय. तेवढं फायलीत लाव आणि माझ्या वतीनं मांड." मी म्हणाले, "तू बाबांकडे बघ." मला सातवा महिना होता, पाय इतके सुजले होते की मी नवऱ्याच्या चपला घालून ऑफिसात येत होते. गुरुवारी बैठक पाऊण तासात आटोपली. आराखडा मंजूर झाला. सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

क्लास सुटला म्हणून मधे थांबले. आता घरी आलेय, जेवणं झालीत, लेक ओले केस पुसत समोर गृहपाठाला बसलीय. तिनं विचारलं कुणाला लिहितेस. मी म्हटलं मावशीला. "मग माझं पण लिही," म्हणाली. तर तिचं लिहिते: तिला पाण्याखाली पस्तीस सेकंद श्वास धरता येतो.

आता खरी बातमी. तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी गोदामातून फोन आला. तिथे आता आपले एक्केचाळीस डबे ओळीनं उभे आहेत. तू असताना एकही नव्हता. माणसांपेक्षा उंच, पांढरे, अंगातून मंद ऊब येणारे. दोन झाकणांच्या मधे हेलियम वायू दाबून भरलेला असतो आणि प्रत्येक डब्याला त्या दाबाचा काटा लावलेला असतो. काटा उतरला तर समजायचं की दोनपैकी एका झाकणातून वायू निसटतोय. गोदाम सांभाळणारे गृहस्थ रोज सकाळी सगळ्या काट्यांना नमस्कार करावा तसे फिरून येतात. ते म्हणाले, "बाई, एकोणीस नंबर उतरतोय. हळूहळू, पण उतरतोय." मी म्हणाले, मापक बदलून बघा. आणि हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा माझ्या हातातला कप खाली ठेवायचाही मला सुधरेना. त्यांनी मापक बदललं. दुसऱ्या दिवशी तोच आकडा, त्याहून जरा खाली.

एकोणीस नंबरला उचलून तपासणीच्या इमारतीत न्यायचं ठरलं. अंतर चारशे मीटर. त्याला अडीच तास लागले. चाकांचा लांबलचक गाडा माणसाच्या चालीपेक्षा हळू चालत होता आणि मी त्याच्या बाजूनं चालत होते. चालायची गरज नव्हती. सगळे म्हणाले तुम्ही पुढे जाऊन बसा. बसता येत नव्हतं. वाटेत मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता मोजल्या. बोल्ट सैल असेल, सीलच मुळात खराब आली असेल, आतलं झाकण असेल. होय, एक क्षणभर मी असंही म्हटलं की आतलं झाकण असू दे. आतलं झाकण म्हणजे खरा धोका. तरी मी तेच मागितलं, कारण ते माझं नव्हतं. यावरून मी कुठे पोचले होते ते तू समज.

झाकण काढायला मिस्त्री होते. ते तुला आठवतील, बोल्ट आवळताना ओठ मुडपणारे. आता केस पांढरे झालेत. सगळ्यांनी अंगभर कपडे, छातीवर किरण मोजायची मापकं, आणि प्रत्येकाला फक्त बारा मिनिटं तिथे थांबायची मुभा. आधी मधल्या जागेतला वायू तपासून आतल्या झाकणाची खात्री केली. ते शाबूत होतं, म्हणून बाहेर काही आलं नव्हतं आणि कुणाला काही झालं नाही, हे तुला आधीच सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. बाहेरचं झाकण क्रेननं वर गेलं. मिस्त्री आरसा घेऊन खाचेच्या बाहेरच्या कडेनं बघायला लागले, एका टोकापासून, नियमाप्रमाणे. पूर्ण फेरीला त्यांची बारा मिनिटं पुरली नसती. मी काचेमागे उभी होते, कानाला बोलायचं यंत्र. मी म्हणाले, "मिस्त्री, आतल्या कोपऱ्यात बघा आधी. खालच्या बाजूला." त्यांनी आरसा वळवला. तिथेच होतं. बोटभर लांबीची पांढरी पूड, आणि ती पुसल्यावर सीलच्या अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं.

बाहेर येऊन मिस्त्रींनी हातमोजे उतरवले, हात धुतले, पुन्हा धुतले. तिथे आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी झाकणं उघडतोय. कुठे बघायचं हे बघितल्याशिवाय कुणाला कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का?" आवाजात राग नव्हता गं. राग असता तर मी काहीतरी भांडले असते. मी म्हणाले, अंदाज केला. त्यांनी मान डोलावली आणि टॉवेल खुंटीला लावून निघून गेले. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात. बाई म्हणत नाहीत.

चार दिवसांनी चौकशी बसली. बाहेरून आलेल्या तीन माणसांची. प्रमुख एक बाई आहेत, साठीच्या, लहान चणीच्या, प्रश्न विचारून झाला की पेन्सिल टेबलावर आडवी ठेवणाऱ्या. त्यांनी सगळं विचारलं. सील कुणी निवडली, वाळवण किती तास, नकाशावर सही कुणाची. मी भराभर उत्तरं दिली, मला धांदल उगाच म्हणत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आराखडा मंजूर होण्याआधी या कोपऱ्याबद्दल कुणी सावध केलं होतं का?" आणि पेन्सिल ठेवली. मी म्हणाले, जुनी कागदपत्रं पाहून सांगते. त्या म्हणाल्या, "जरूर. दोन दिवस पुरेत?"

ते दोन दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. माळे झाडले. लेकीच्या वह्यांना कव्हरं घातली, तिनं नको म्हटलं तरी. बसनं घरी येताना दोनदा आपला थांबा चुकून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, आणि तिथून परत चालत आले. आईच्या डॉक्टरांना एकच प्रश्न तीनदा विचारला. ऑफिसात कागदपत्रं शोधायचं नाटक मात्र केलं नाही. तिथे काही नव्हतं हे मला माहीत होतं. घरच्या लोखंडी कपाटात, लेकीच्या जन्मदाखल्याच्या फायलीत, सगळ्यात मागे तुझं टिपण होतं. मी ते फाडू शकले असते. या अकरा वर्षांत चार वेळा हातात घेतलं. का फाडलं नाही ते मला सांगता येत नाही. त्याला चांगुलपणा म्हणू नकोस. फाडायलाही धीर लागतो, तेवढाच नव्हता. पेन्सिलनं लिहिलेलं, अजून स्पष्ट आहे. शेवटी तू लिहिलं होतंस, 'खाच उत्तम आहे, फक्त हा एक कोपरा.' हे वाक्य मी त्या वेळी वाचलंच नव्हतं. कोपरा हा शब्द दिसला आणि पुढचं माझ्या डोळ्यांना दिसेना.

तू मला भेटायला आलीस तो दिवस आठवतो? लेक तीन दिवसांची होती. आराखडा आहे तसाच मंजूर झाला एवढंच मी तुला फोनवर कळवलं होतं; बाबांमुळे तू तेव्हापासून रजेवरच होतीस, आणि राजीनामा दिल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं. तुझ्या हातात बाबांची औषधं होती आणि माझ्यासाठी शहाळं. लेकीला मांडीवर घेतलंस, तीही नव्वद अंशात, डोकं बरोब्बर कोपराच्या खोबणीत. मग म्हणालीस, "त्यांनी वाचलं ना? पूर्ण वाचलं?" मी होकारार्थी मान डोलावली. "मग ठीक आहे," म्हणालीस, "वाचून नको म्हणाले असतील तर माझी तक्रार नाही. त्यांना चौदा महिने जास्त वाटले. पण जिथे मोजलेलं ऐकलं जात नाही तिथे मी मोजत बसू शकत नाही." मग लेकीच्या मुठीत तुझं बोट दिलंस आणि म्हणालीस, "तू मात्र राहा. तू आत असलीस तर पुढच्या वेळी कुणीतरी ऐकेल." मी रडायला लागले. नर्स आली आणि म्हणाली, पहिल्या आठवड्यात बायका रडतातच. तू मला पाणी दिलंस.

मी राहिले. बढत्या मिळाल्या. दोन देशांत ती खाच नमुना म्हणून दाखवली. दर डबा बाहेर पडताना मी जायचे आणि हात लावून यायचे. लोकांना वाटायचं बाईंना केवढं प्रेम आहे. दर वर्षी काटे सरळ राहिले की मी स्वतःला सांगायचे, बघ, काटकोन चुकली होती. तू चुकावीस म्हणून मी अकरा वर्षं वाट बघितली. आता एकोणीसच्या पाठोपाठ सव्वीस आणि तेहतीसही उतरताहेत. सगळ्या एक्केचाळिसांची बाहेरची झाकणं एकेक करून उघडायची, तो कोपरा घासून गोल करायचा, वाळवायचं आणि नवी सील घालायची असं ठरलंय. दोन वर्षांचं काम. प्रत्येक झाकणाला मिस्त्रींसारख्या माणसांना त्या ऊन तोंडाशी बारा-बारा मिनिटं उभं राहावं लागणार. चौदा महिने वाचवले होते ना, ते त्यांच्या अंगातून जाणार.

आता हे पत्र का, ते. चौकशीच्या बाईंनी तुझा पत्ता घेतलाय. येत्या आठवड्यात तुला बोलावणं येईल. तुला विचारतील, सावध केलं होतंस का, आणि तू सांगशील की केलं होतं, समितीनं वाचलं आणि नाकारलं. आणि समितीवरचे पाचही जण शपथेवर सांगतील की असा कागद त्यांनी कधी पाहिला नाही. ते खोटं बोलणार नाहीत, पण खोटी तू ठरशील. त्या गुरुवारी फाइल माझ्यापुढे होती आणि तुझं टिपण माझ्या पर्समध्ये. सरांनी घड्याळ बघत विचारलं, कुणाची लेखी हरकत? मी म्हणाले, नाही. सूज होती, सातवा महिना होता, चौदा महिने होते, हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. कारण एवढंच की ती माझी खाच होती. आज सकाळी अकरा वाजता तुझं टिपण आणि माझा चार पानांचा जबाब मी चौकशीच्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही दोनदा वाचलं, पोच लिहून दिली आणि म्हणाल्या, निर्णय होईपर्यंत कामावर येऊ नका. नवऱ्याला आणि आईला काल सांगितलं, लेकीला उद्या सांगेन. जबाबाची प्रत सोबत ठेवतेय. बोलावणं येण्याआधी तुझ्या हातात पडावी म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "असू दे" म्हणाली असतीस आणि ते ऐकून मी सुटले असते. तिथे माझी बाजू घेऊ नकोस. मी त्या खोलीत नसेन, पण तू ती घेशील याची मला भीती आहे. बाबांच्या उशाशी बसून तू जो नकार पचवलास, ज्याच्यापायी नोकरी सोडलीस, गाव सोडलंस, तो तुला कुणी दिलाच नव्हता. त्यांनी तुला नाही म्हटलं नाही गं. तुझा कागद माझ्याशिवाय कुणी वाचलाच नव्हता.

तुझीच (हा शब्द राहू द्यायचा की खोडायचा, ते तू ठरव),
धांदल